पुडा कंपनीचा, हात माझा

तेलंगणाच्या हद्दीतल्या आमच्या वांकिडीत किराणा दुकान टाकलं आणि मालापेक्षा जाहिरातींचे अर्थच जास्त द्यायला लागले! कंपनी लिहिते एक, गिऱ्हाईक समजतं भलतंच. मी चौथी शिकलेली, पण मोठ्यानं वाचून दाखवणारी मीच. म्हणून सगळे किस्से माझ्याच ओट्यावर येऊन साचले.

आधी एक सांगते. आम्ही बौद्ध. पाटलीणबाई माझ्याकडून साबण, बिस्किटं, चहाचा पुडा न्यायच्या. सुटी डाळ, साखर कधीच नाही. काऊन? तर पुड्याला कंपनीचा हात, डाळीला माझा! त्यांचं पाहून अर्धं गाव तसंच करायचं. नुसत्या पुड्यांवर दुकान चालतं होय?

*

गोरं करणाऱ्या क्रीमचं पोस्टर लावलं. ‘प्रत्येक मुलीसाठी.’

सरूबाई बराच वेळ बघत राहिली. “प्रत्येक पोरीसाठी म्हन्ते, अन् चित्रात एकच गोरी? बाकीच्या कुठं गेल्या?”

“तयार होऊन राह्यल्या!” मी म्हटलं.

*

साबणाच्या पोस्टरवर तेलुगूत होतं, ‘तेलुगू घराचा साबण’. अर्थ कळल्यावर किसनभाऊनं वडी परत केली आणि तोच साबण महाराष्ट्रातल्या राजुऱ्याहून, मराठी कागदाचा, घेऊन आला.

“वाचता येते का तुले?” मी विचारलं.

“नाही. पन कोनी इचारलं तं मराठी हाय म्हून सांगता येते!”

*

टिकल्यांच्या पाकिटावर ‘प्रत्येक स्त्रीसाठी’. गंगूबाईचा नवरा जाऊन वर्ष झालेलं. हळूच म्हणाली, “प्रत्येकीत मले धरलं का?”

“छापलं तं धरलंच!”

“मंग दे. आरशाले लावीन. समोर उभी राह्यली का बरोबर कपाळावर येते.”

*

एकदा चहा कंपनीची जीप आली. पोस्टर, ‘आपण सारे एकाच घरचे’. माझ्याच ओट्यावर स्टो, माझ्याच रांजणाचं पाणी, चहा फुकट. बाया जमल्या, पण कप कोणी उचलेना. सगळ्यांचे डोळे पाटलीणबाईंकडे.

“शांते, काय लिवलं ते वाच बरं.”

मी वाचलं. त्यांनी जीपवाल्याला विचारलं, “कंपनीचं घर कुठं हाय?”

“मुंबईला.”

“मंग तिथं गेलो का पिऊ!”

बाया हसत पांगल्या. चहा नालीत गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाटलीणबाई एकट्याच आल्या. “त्याच चहाचा पुडा दे. वास लय चांगला होता.”

मी पुडा काढला. त्यांच्यासमोर टर्रकन फाडला आणि तराजूच्या पारड्यात ओतला.

“आता सुटा झाला, पाटलीणबाई. नेता का?”

त्यांनी रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग पिशवीचं तोंड उघडलं.

“टाक. अन् मापात मारू नको!”