मामांनी मैदान डोंगरावर नेलं

जगातली प्रत्येक खोलगट जागा परमेश्वराने कुस्त्यांसाठीच घडवली आहे, असं ठाम मानणारा माणूस तुमच्या नात्यात नसेल तर तुम्ही सुखी आहात. माझ्या नात्यात असा माणूस होता. माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे. शाहूपुरीत त्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं, पण गादीवर बसून ते पेंड कमी विकत आणि गिऱ्हाइकांचे दंड जास्त चाचपत. दंड मऊ लागला की म्हणत, "ही पेंड म्हशीला नगं, तुमीच खावा पावणं." माझ्या लग्नाच्या बैठकीत बाकीची मंडळी माझं शिक्षण, नोकरी, घरदार विचारत होती तेव्हा हे गृहस्थ एकटक माझ्या कानांकडे बघत होते. तालमीत घासून कान मोडलेला नाही असा पुरुष त्यांच्या लेखी अर्धवट. उठताना सर्वांदेखत त्यांनी निकाल दिला, "पोरगं शिकल्यालं हाय. पर कान कोरं हायत." लग्न ठरलं, पण माझ्या कोऱ्या कानांचं दुःख त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. माझ्या मुलाच्या बारशालाही त्यांनी पाळण्यात वाकून आधी त्याचा कानच बघितला आणि "ह्येचं जमंल" म्हणून आनंदाने शड्डू ठोकला. पोर जे दचकून रडायला लागलं, ते पाहुणे जेवून गेले तरी थांबलं नाही.

आमच्याकडे मुक्कामाला आले की ते पहाटे बाहेरच्या खोलीत जोर काढत. भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, फडताळातल्या कपबशा वाजायच्या, आणि खालच्या बिऱ्हाडातले गृहस्थ काठीने छत ठोकायचे. ही तक्रार मी मामांच्या कानावर घातली, तर ते घाम पुसत म्हणाले, "मग त्यास्नी पण वर बलवा की. जागा हाय." अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं? बायकोने कपबशा खाली काढून ठेवल्या.

हे सगळं घरापुरतं होतं तोवर मी सोसलं. पण राधानगरीच्या बाजूला, सासूबाईंच्या गावावर एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर वाटीसारखी खोलगट जागा आहे, आणि मामांनी ती एका उन्हाळ्यात बघितली. दुसऱ्या गावच्या माणसाला तिथे चरायचं रान दिसलं असतं. पण कोल्हापूरच्या माणसाच्या मनात मैदान म्हणजे मधोमध खाली लाल मातीचा हौद आणि भोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली माणसं. मामा त्या वाटीच्या काठाकाठाने पावलं मोजत फिरले. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती. मग म्हणाले, "जावईबापू, देवानं निम्मं काम करून ठेवलंय. आता निम्मं आपलं."

गावकरी त्या जागेला तळी म्हणत, कारण पावसाळाभर तिथे पाणी साचे आणि हळूहळू जिरून जाई. डोंगराच्या पायथ्याला, सासूबाईंच्या घरामागे एक झरा होता. दगडी पन्हळीतून त्याची मनगटाएवढी धार पडे, आणि भर उन्हाळ्यातही ती तुटत नसे. अख्खी आळी त्यावर पाणी भरी, सासूबाईंच्या म्हशी तिथेच पीत. सासूबाई भावाला म्हणाल्या, "दादा, तळीचंच पानी खाली झऱ्याला येतंय म्हणत्यात. तितं काय करू नगंस." मामा म्हणाले, "म्हणत्यात न्हवं? कुनी आत शिरून बगितलंय?" डोंगराच्या आत कोणी शिरलेलं नव्हतं, आणि तेवढ्यावर मामांनी पंचायत गाठली.

पंचायतीला मैदान हवंच होतं. पोरं श्रमदानाला धावली. बसायच्या पायऱ्या काढायच्या म्हणून उतारावरची जांभळं, हिरडे तोडले, मुळं उपटली, कातळावरची वीतभर माती खरवडून खाली ढकलली. हौदात पाणी साचू नये म्हणून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खोल चर मारला. रविवारी मला विश्रांती असते ही गोष्ट मामांना मान्य नव्हती, त्यामुळे घमेली वाहायला मीही होतो, आणि पाठ धरली की "ह्यो व्यायाम हाय" हे ऐकत होतो. त्या पावसाळ्यात तळी साचली नाही. सगळं पाणी चरातून गढूळ होऊन पलीकडे धावलं आणि तिकडच्या वाडीच्या भातखाचरांत गाळ बसला. वाडीची माणसं भांडायला आली तेव्हा मामांनी त्यांना पहिल्या ओळीत बसायची जागा देऊ केली. ती माणसं काय बोलून गेली ते मी इथे लिहीत नाही.

माघात मैदान भरलं. हौदातली माती मामांनी महिनाभर हळद, ताक, तेल घालून लोण्यासारखी मळली होती. हलगी घुमली, डोंगर माणसांनी भरला, आणि मामा फेटा बांधून असे फिरले की जणू त्यांच्याच घरचं लग्न आहे. पैलवानांना आणि माणसांना प्यायला पाणी खालच्या झऱ्यावरून पिंपं भरभरून वर चढवत होते. भरायला वेळ लागतोय, धार बारीक झालीय, असं सासूबाईंनी निरोप धाडून कळवलं. मामा म्हणाले, "शिमगा जवळ आला की आटतंयच जरा." शिमगा आला आणि पन्हळ कोरडी पडली. सासूबाईंच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. आळीतल्या बाया ओढ्यातल्या खड्ड्यावर वाटीवाटीने पाणी भरू लागल्या, आणि सासूबाईंनी दोन म्हशींपैकी एक लेकाकडे गडमुडशिंगीला पाठवून दिली.

त्यानंतर मामा बहिणीकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात. वैऱ्यालाही देतात. सासूबाईंनी पाट मांडला, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि शेजारी तांब्या ठेवला. मामांनी गूळ तोंडात टाकून तांब्या उचलला. तो रिकामा होता. सासूबाई म्हणाल्या, "गूळ घरचा हाय. पानी तू मैदानावर न्हेलंयस." एवढं बोलून त्या आत गेल्या. मामा तो खडा चघळत बसले. आयुष्यात चितपट झालो नाही असं सांगत फिरणारा हा माणूस त्या दिवशी मला पाठ टेकलेला दिसला, आणि मला त्याचा राग यायचा तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मामा पहार घेऊन डोंगरावर. अर्थात मलाही घेऊन. त्यांनी चरात दगड टाकले, मुरूम टाकला, पण वळवाच्या पहिल्या सरीने तो धुऊन नेला. मग त्यांनी हौदाकडे बघितलं. ती मळलेली माती कपाळाला लावली आणि पहिलं घमेलं भरलं. गावच्या तालमीतली पोरं खवळली. "वस्ताद, हौदाची माती चरात?" मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आदी भैनीचं पानी. मग कुस्त्या." दगडांच्या सांदीत ती चिकट माती धोपटून त्यांनी चर बुजवला. पावसाळ्यात तळी परत भरली. कुस्त्यांच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, आणि उरलेल्यांवर कोणी बसायला आलं नाही. मामा मात्र दर पावसाळ्यात जांभळाची रोपं घेऊन जात आणि त्या पायऱ्यांवर लावत. निम्मी रोपं गुरं खात. मामा परत लावत, आणि पुढच्या रविवारी मला कुंपणाच्या काट्या वाहायला लावत.

धार लगेच आली नाही. पुढच्या वर्षी पन्हळ नुसती ओली झाली, त्याच्या पुढच्या वर्षी थेंब पडायला लागले. करंगळीएवढी धार झाली तेव्हा सासूबाईंनी भावाला निरोप पाठवला. पाट तोच, वाटी तीच. मामांनी गुळाला हात लावला नाही. तांब्या दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला आणि मिशा पुसत म्हणाले, "आलं की गं." सासूबाई म्हणाल्या, "व्हय. पर पयल्यागत न्हाय." मामा म्हणाले, "न्हाय." सासूबाईंनी रिकामा तांब्या उचलला आणि पन्हळीवर पुन्हा भरायला नेला.

आता मामा नाहीत. माझे रविवार मोकळे असतात आणि कपबशा पुन्हा फडताळात गेल्या आहेत. सासरी गेलो की चार-दोन जांभळं जगलेली खालून दिसतात. दारात गूळ-पाणी येतं. मी आधी तांब्या हलवून बघतो, आणि तो जड लागला की मग गूळ तोंडात टाकतो.