केकताड आणि कोरफड

परवा लातूरच्या एका नर्सरीत शोभेच्या कुंडीत केकताड दिसलं, आणि मला निलंग्याचं सासर आठवलं. तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्याकडे दुष्काळ होता. अर्धापूरच्या केळीच्या बागांतून मी नवी नवरी म्हणून आलेली. एकदा तव्यावर हात भाजला, तेव्हा कोरफड समजून मी कुंपणाचं जाड, काटेरी पान तोडलं. तेवढ्यात नणंद धावत आली. लग्नापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"वैनी, लावू नका! केकताड हाय ते, लई आग होती."

तिनं पान मोडून आतले पांढरे धागे दाखवले. मग खरी कोरफड आणून सोलली, तिचा गार, बुळबुळीत गर हातावर लावला आणि फुंकर घालत बसली. मला रडू फुटलं. तिला वाटलं, हात दुखतोय. त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी 'वैनी' म्हटलं होतं, हे तिला सांगायचं आजवर राहूनच गेलंय.