आबांचे दोन ब्रेक
वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट समजावून सांगणं माझ्याकडं आलं, कारण घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आबांनी आयुष्यभर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहिला.

"आबा, ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात ना, तशी गाठ रोखणारी जनुकं जोडीनं असतात," मी अडखळत म्हणाले. "एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमचं एक जन्मापासूनच बिघडलेलं होतं. दुसरंही गेलं, म्हणून गाठ वाढली."

बारामतीहून केमो घेऊन आलेले आबा डोळे मिटून पडले होते. "मग तुला म्या कंचा ब्रेक दिला?"

बिघडलेलं येण्याची शक्यता निम्मी, हे मला पाठ होतं. सांगवेना. "माहीत नाही. रक्त तपासून घेईन."

"घे. येका ब्रेकावरबी गाडी घरी आणलीय म्या," ते म्हणाले. "फकस्त हळू हाकायची, पोरी."