तीन मृत, चार जखमी

माझी पोस्टिंग बस्तरमध्ये होती, निमलष्करी दलात, रेडिओ ऑपरेटर म्हणून. सकाळी सहाला सेट तपासायचा, दर तासाला कंपनीला ठावठिकाणा कळवायचा. कमी बोलायचं आणि खरं बोलायचं. एवढं जमलं की ऑपरेटर चांगला, असं आमचे ट्रेनिंगचे उस्ताद सांगत.

आता भिलाईत, जुनवानीला राहतो. मुलगी प्रज्ञा स्टॅटिस्टिक्स शिकते. दहशतवादी आणि नक्षली हल्ल्यांत माणसांची किती हानी होते, याचं गणिती मॉडेल ती बनवते आहे. आकडे जुन्या वर्तमानपत्रांतले. परवा तिने लॅपटॉप पुढे केला. आमच्या हल्ल्याची ओळ होती : मृत तीन, जखमी चार.

त्या सकाळी ७:४० ला रस्त्यात सुरुंग फुटला. तिघे जागीच गेले. आमच्या भिलाईकडचा, मरोद्याचा मेश्राम माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मेडिकने मला मानेनेच 'नाही' म्हटलं. मेश्राम शुद्धीत होता, माझ्या तोंडाकडे बघत होता. ७:५५ ला सेट बोलला.

"कॅज्युअल्टी बताओ. ओव्हर."

"फेटल तीन, इंजर्ड चार. ओव्हर."

"कोई सीरियस?"

"निगेटिव्ह. सब ठीक हैं. ओव्हर."

ते ऐकून त्याने डोळे मिटले. ८:१० ला तो गेला. हेलिकॉप्टर ९:३० ला आलं, कारण मी घाई सांगितलीच नव्हती. लवकर येऊनही तो वाचला नसता, असं मेडिक म्हणाला. मला आजही खात्री नाही. मी दुरुस्ती कळवली, पण पहिलीच बातमी पेपरांकडे आणि त्याच्या घरी पोचली होती. त्याची आई तोवर मुलाचे धुतलेले कपडे पिशवीत भरून रायपूरच्या दवाखान्याकडे निघाली होती.

मी प्रज्ञाला म्हणालो, "मृत चार लिह, बेटा."

"पप्पा, सोर्स लागते. कोणी सांगतलं म्हणू?"

"मी. तीन बी मीच सांगतलं होतं."

मग तिला सगळं सांगितलं. तिने स्क्रीन खाली सरकवली. खाली शेकडो ओळी होत्या.

"बाकीच्या ओळींत बी कोणी ऐकून राहिलं असन का, पप्पा?"

तिने आकडा बदलला. मॉडेलमध्ये नावाचा रकाना नाही, तरी मी नावं घेतली. साहू. तिर्की. रामटेके. चौथं नाव मी हळू घेतलं. तो ऐकत असेल असं वाटलं.