सायकलच्या ट्यूबचे पॅकिंग

ती आग मी आजही विसरलेलो नाही. साठच्या दशकात मी शहाद्याला फौजदार होतो. गावाबाहेरच्या एका जिनिंगचे इंजिनघर भरदुपारी पेटले. कापूस जळाला, एक मजूर बाई दाराशीच होरपळून मेली.

मुकादमाने खबर दिली : इंजिनवाल्याचे आदल्या दिवशी मालकाशी भांडण झाले होते, त्यानेच तेल ओतले. त्याच्या कपड्यांना तेलाचा वास होता. मी त्याला अटक केली.

"साहेब, मी काय करं नही," तो म्हणाला. "आठ दिनपाईन तेल गळी ऱ्हायनं व्हतं. मुकादमले सांगं, तो म्हने, पुसी टाक!"

पंचांसमक्ष तेलाच्या नळीचा सांधा उघडला. आतले रबराचे पॅकिंग फुगून बाहेर आले होते. ते बसवणाऱ्या फिटरला बोलावले.

"सायकलनी ट्यूब शे ती," तो ऐटीत म्हणाला. "परकाशा गावले समदा पाणीना पंपसले तीच लाई दिन्ही. थेंब येत नही!"

त्याच्या पिशवीतल्या ट्यूबचा एक इंच तुकडा मी संध्याकाळी वाटीभर डिझेलमध्ये टाकला. सकाळी पंचांसमोर पट्टी लावली. सव्वा इंच. चिमटीत धरताच तुटला. पाण्याला दाद न देणारे हे रबर तेलात फुगून कुजते. तेलात टिकणारे रबर वेगळे असते.

फिटरचा चेहरा उतरला.

"आणखी कुठे लावलेस?"

"लोणखेडाना जिनमा. चार दिन झायात."

कोठडीतून इंजिनवाला ओरडला, "साहेब, आठल्या बाया आते तठेच कामले जातीस! मन्ही बायको भी!"

जळालेल्या जिनिंगमधल्या बाया आता तिथे कामाला होत्या, आणि जीप धुळ्याला गेलेली. मी सायकल हाणली. वाटभर नजर धूर शोधत होती.

लोणखेड्याच्या जिनमध्ये चौतीस बाया होत्या. इंजिन चालू होते. तापलेल्या धुराच्या नळीच्या वर, चार बोटे अंतरावर, तेलाच्या नळीचा सांधा. त्याखाली थेंब लोंबत होता, त्याला कापसाचे तंतू चिकटलेले. बोटाने टिपला, लगेच दुसरा आला. मी इंजिन बंद करायला लावले.

"काय वं, फौजदार कापूस येचाले उना का?" एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. 

इंजिनवाल्याला सोडले. पुढे प्रत्येक आगीत, भांडण कोणाशी हे विचारण्याआधी मी दुरुस्ती कधी झाली ते विचारत असे. पण एक हिशेब सुटत नाही. लोणखेड्याचे ते इंजिन त्या दिवशी सकाळी सातला सुरू झाले होते. मी पोहोचलो सव्वानऊला. "आणखी कुठे लावलेस?" हा प्रश्न मला आदल्या संध्याकाळीच विचारता आला असता.