मोठे आधी बोलल्यावर

आमच्या महालापे गावातल्या पिठाच्या गिरणीत म्मा गाओलेबाले सव्वीस वर्षं बैठकांचं टिपण लिहीत होत्या. आमच्याकडे मानानं बाईला म्मा म्हणतात आणि पुरुषाला रा. कुणी शिंकलं तर तेही लिहितील, असं आम्ही म्हणायचो. स्वतः मात्र बैठकीत चकार शब्द काढायच्या नाहीत. मी कोठार सांभाळायचो; माझी मागणीची पत्रं त्या तांबड्या शाईनं रंगवून परत पाठवायच्या. पहिला शेरा ठरलेला, विचारपूस राहिली. पोती मागायला माणसाची तब्येत कशाला विचारायची, म्हणून मी आठआठ दिवस रुसून बसायचो.

मग मोसेकीसाहेब गिरणीचे प्रमुख म्हणून आले. जोहान्सबर्गला शिकलेले, घड्याळाचे पक्के. प्रमुखानं आपलं म्हणणं पहिल्या पाच मिनिटांत मांडावं, म्हणजे फाटे फुटत नाहीत, हे त्यांचं शास्त्र. तासाची बैठक वीस मिनिटांत उरकू लागली. आम्हीही खूश, कारण चहाबरोबरचे तळलेले पिठाचे गोळे गरम मिळू लागले.

ऑगस्टातल्या बैठकीत साहेबांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं की बॉयलर ठणठणीत आहे, डिसेंबरपर्यंत बंद करायचा नाही. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? बॉयलर सांभाळणारे केबोनांग खाली मान घालून बसले. झडप अडकते, हे त्यांनी आदल्याच दिवशी जेवताना आम्हाला सांगितलं होतं. मीही गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. नवव्या दिवशी झडप फुटली आणि वाफेनं केबोनांगचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीला सरकारी अधिकारी आल्या, पिकल्या केसांच्या बाई. साहेबांनी त्यांच्यापुढे टिपण सरकवलं. त्यात म्मांच्या अक्षरात लिहिलं होतं की विचारणा झाली, कुणी काही बोललं नाही. म्हणजे बिघाड लपवल्याचा दोष केबोनांगवर, आणि नोकरी गेल्यातच जमा. घरी सहा खाणारी तोंडं. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ते म्हणाले, "खरंय. मी बोललो नाही."

टिपण पूर्ण आहे का, असं बाईंनी विचारलं. म्मा उठल्या. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि साहेबांच्या सहीशिवाय त्यांचा एक कागद हलणार नव्हता.

"शब्द पुरे आहेत," म्मा म्हणाल्या. "क्रम राहिला. साहेब आधी बोलले आणि मग त्यांनी विचारलं. मोठ्या माणसानं निकाल दिल्यावर तोंड उघडायला आम्हाला कुणाच्या आईनं शिकवलंय? आणि झडपेचं मलाही ठाऊक होतं. मी लिहीत बसले. तेही लिहून घ्या."

साहेब म्हणाले की हे कार्यालय आहे, गावची सभा नव्हे. इथं ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं, अडवलंय कुणी?

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रा मोसेकी, तुमचे वडील गावचे प्रमुख ना? झाडाखाली सभा भरते तेव्हा ते कधी बोलतात?"

साहेबांनी ते टिपण परत आपल्याकडे ओढलं. त्या माणसाची मला तेव्हा पहिल्यांदा कीव आली.

"सगळ्यांत शेवटी," ते म्हणाले. "गावातली सगळ्यांत गरीब म्हातारी बोलून झाल्यावर."

बाईंनी चौकशीच्या कागदावरच्या दोषाच्या रकान्यातलं केबोनांगचं नाव खोडलं.