परत पाठवायचा फोन आणि मामांचं शुद्धलेखन

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, अंगात येणं, पाल चुकचुकणं… यातलं काही मी मानत नाही. मी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. ‘मॅडम, मशीन आपोआप थांबलं’ असं कोणी म्हणालं की त्याला ‘का?’ हा एकच प्रश्न पाच वेळा विचारायचा पगार मला मिळतो. ‘आपोआप’ हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा आहे. तरीही हे लिहितेय, कारण गेले सात-आठ महिने मी स्वतःलाच ‘का?’ विचारतेय आणि दुसऱ्या ‘का’च्या पुढे गाडी जात नाहीये.

तर. मी मूळची कराडची, चेन्नईत तिसरं वर्ष. अण्णा नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण राहतात, सुलोचनाबाई. वय चौऱ्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. तंजावरकडच्या मराठी, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या. गल्लीतले सगळे त्यांना ‘मामी’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बोलतात मराठीच, पण ऐकताना वाटतं की कोणीतरी बखर तमिळ चालीत वाचतंय. माझं नाव अनघा. त्यांच्या तोंडी ते ‘अनगा’ होतं. लिहा-वाचायला त्यांना तमिळ आणि इंग्रजी येतं, देवनागरी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, महत्त्वाची आहे.

मामींचे यजमान, म्हणजे मामा, मी कधीच पाहिले नाहीत. मी यायच्या आदल्या वर्षी ते गेले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दुसऱ्याचं लिखाण सुधारणं हा त्यांचा छंद. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन काढून त्यातल्या चुका दुरुस्त करायचे आणि मग तारीख बघायचे, असं मामी सांगतात. घरात देवनागरी लिहिता येणारे तेवढे एकटेच. वडिलांनी बसवून शिकवलं होतं म्हणे.

आता फोन. नवीन घेतला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, उगीच भानगड नको. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी आईला मेसेज बोलून लिहिते. पहिल्याच आठवड्यात मी बोलले, “आई, आज ऑफिसला उशीर झाला, नंतर फोन करते.” मेसेज गेला तो असा —

‘आई, आज कचेरीस उशीर जाहला. मागून बोलतों.’

पाच मिनिटांत आईचा फोन. “अगं, बरी आहेस ना तू? ‘जाहला’ काय? ताप आहे का?”

मी हसले. सेटिंग बदललं, कीबोर्ड काढून परत टाकला. फरक शून्य. इंग्रजी मेसेज व्यवस्थित जायचे, मराठी बोललं की थेट पेशवाई. ऑफिसमधला शरवणन सॉफ्टवेअर बघतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, कीबोर्ड तुझ्या आसपासची भाषा शिकतो. मला पटलं. मामी शिकवत असणार, झालं.

मग तो शनिवार आला. दुपारचे चार वाजलेले. मी खाली मामींकडे कॉफीला बसले होते. आईला काहीतरी सांगायला माइक चालू केला आणि काय बोलायचं तेच आठवेना. मामी स्वयंपाकघरातून टंबलर घेऊन येत होत्या. कोणी एक अक्षर बोललं नाही, टीव्ही बंद, पंखा तेवढा चालू. आणि पडद्यावर उमटलं. मी मोठ्याने वाचलं, मला गंमत वाटली म्हणून.

“काफी पातळ. दुसरे डिकॉशन.”

मामी जागच्या जागी थांबल्या. टंबलर तिरका, कॉफी पायावर.

“हे कोण सांगितल तुज?”

“फोनने लिहिलं.”

“चुम्मा नको बोलूस!” चुम्मा म्हणजे तमिळमध्ये ‘उगाच’.

मी फोन दाखवला. पण दाखवून उपयोग काय, त्यांना वाचता कुठे येतं! मग त्यांनी कबूल केलं की सकाळच्या पावडरीवरच परत पाणी ओतून कॉफी केली होती, म्हणजे दुसरंच डिकॉशन. आणि हेच वाक्य, याच शब्दांत, त्यांनी एक्केचाळीस वर्षं रोज दुपारी ऐकलं होतं.

“अय्यो,” मामी खुर्चीत बसत म्हणाल्या, “गेला माणूस, पण तोंड राहिल.”

आणि त्याच संध्याकाळी रीकॉलचा मेसेज आला. ज्या बॅचचा माझा फोन होता तिची बॅटरी तापते, फुगते, क्वचित पेटही घेते. फोन ताबडतोब बंद करा, चार्जिंगला लावू नका. आम्ही खास डबा पाठवू, त्यात घालून परत द्या, बदली फोन मिळेल.

इथे एक लाजिरवाणी कबुली. असल्या सूचना आमच्या कंपनीत लिहितं कोण? मी! ‘वापर तत्काळ थांबवावा’ हे वाक्य मी झोपेतसुद्धा लिहीन. आणि मीच तो फोन बंद केला नाही. डबा येऊन फोन जाईपर्यंत नऊ दिवस होते आणि खाली एक बाई रोज चार वाजता वाट बघत बसायच्या. माझं त्या आठवड्यात घरूनच काम होतं. मी एक जुना फोन कामाला काढला आणि हा फक्त दुपारी अर्धा तास चालू करायचा असं ठरवलं. लिहायला लागला की तापायचा. ऑफिसचं तापमान मोजायचं पिस्तूल घरी आणलं. एकदा सेहेचाळीस अंश दाखवलं. मग फोन मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर ठेवायला लागलो. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून बादलीभर वाळू मागून आणली. मामींनी एकदा प्रेमाने त्यावर ओला टॉवेल घातला, तेव्हा मी एवढी किंचाळले की समोरच्या गच्चीवरून लोक बघायला लागले.

वाचकांना वाटेल, गेलेला माणूस बोलतोय म्हणजे काय काय बोलत असेल. मामांनी लिहिलेलं सगळं मी वहीत उतरवून ठेवलंय. नमुने देते.

‘मोटर बंद केली काय?’ (केली नव्हती. टाकी वाहत होती.)

‘ग्यासचा बटण पाहणे.’

‘डांगर पचडीत मीठ जास्त.’ (उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती. मी चाखून पाहिली. होतं.)

आणि एकदा, मी आईला पाठवायला बोललेल्या मेसेजबद्दल — ‘दीर्घ हवे.’

मामी आधी दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवसापासून भांडायला लागल्या. “तीन वर्ष झाली की नाही? अजून मोटर? दुसर काही सुचत नाही तुमास?” दगडावरच्या फोनला हातवारे करून बोलणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, आणि त्यांच्या शेजारी पिस्तूल रोखून उभी असलेली मी!

“मामी, हा परत द्यावा लागेल,” मी रोज म्हणायचे.

“नको. मज एक विचारायच आहे.”

काय विचारायचंय ते चौथ्या दिवशी सांगितलं. मामींनी पहिल्या पगारातून एक घड्याळ घेतलं होतं, किल्ली द्यायचं, बारीक पट्ट्याचं. ते बंद पडलं. मामा हॉस्पिटलात गेले त्याच्या आदल्या दिवशी ते दुरुस्तीला घेऊन गेले. कुठल्या दुकानात ते सांगितलं नाही. हॉस्पिटलात मामींनी विचारलं, तर म्हणाले, “दिलंय, येईल.” मामींनी शर्टाचे खिसे पाहिले होते, पावती नव्हती. त्या चिडल्या. “तुमी हरवलात. आता खोट पण बोलता,” असं म्हणून जेवणाचा डबा उचलून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले.

“मी त्यास खोटा म्हणल,” मामी म्हणाल्या. “शेवटच बोलण ते.”

त्यानंतर त्या रोज विचारायच्या, घड्याळ कोठे दिल? उत्तर यायचं ‘मोटर’, नाहीतर काहीच नाही.

शनिवारी कंपनीचा डबा आला. जाड, आतून अस्तर, वर पिवळा इशारा. सोमवारी दुपारी कुरियरवाला नेणार होता. रविवारी चारला आम्ही शेवटचं बसलो. फोनची पाठ आता नाण्याच्या जाडीएवढी उचलली होती. मी म्हटलं, मामी, दोन मिनिटं फक्त. त्या दगडासमोर खाली बसल्या. भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “घड्याळ राहू दे. दिल होत की नाही, येवढ सांगा.”

एक मिनिट काही नाही. पिस्तुलावर एकावन्न. त्रेपन्न. मी वाळूची बादली जवळ ओढली. आणि अक्षरं आली.

‘पावती शर्टाचे खिशांत नव्हे. पंचांगांत पाहणे.’

मी वाचून दाखवलं आणि पुढच्याच क्षणी फोनमधून ‘हिस्स’ असा आवाज आला. मी चिमट्याने उचलून तो वाळूत खुपसला. पडदा काळा पडला. मागे वळून बघते तर मामी नाहीत. गुडघेदुखीमुळे जिन्याची एक पायरी न चढणाऱ्या मामी देवघरातल्या स्टुलावर उभ्या होत्या!

त्या वर्षाचं पंचांग फळीवर सगळ्यात खाली होतं. मामा गेल्यावर ते कोणी उघडलंच नव्हतं. मामींनी ते माझ्या हातात दिलं. मी पानं झटकली आणि गुलाबी कागद खाली पडला. टी. नगरमधल्या घड्याळाच्या दुकानाची पावती. दुकानदाराने ‘लेडीज वॉच’ इंग्रजीत चुकीचं लिहिलं होतं. वर लाल शाईने दुरुस्त केलेलं.

मामी हसायला लागल्या. हसता हसता कधी रडू लागल्या ते मला कळलं नाही.

सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि आम्ही ऑटोने टी. नगरला गेलो. साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात एक अरुंद टपरी, आत डोळ्याला भिंग लावलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी पावती पाहिली, लाल शाई पाहिली आणि भिंग काढलं. तमिळमध्ये म्हणाले, “हे तर त्या अय्यांचं, त्या साहेबांचं काम! माझ्या पाटीवरची स्पेलिंगची चूकसुद्धा दाखवून गेले होते.” मग बिस्किटांचा एक मोठा डबा काढला. त्यात न नेलेली घड्याळं, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मामींचं खालून तिसरं निघालं. दुरुस्त केलेलं. त्यांनी किल्ली दिली, ते चालू झालं.

दुपारी तीनला कुरियरवाला आला आणि इथे माझी खरी परीक्षा. सगळे दिवस ‘परत देऊ’ म्हणणारी मी दारात आडवी उभी! म्हटलं, वाळूत ठेवू, गच्चीवर ठेवू, काही होणार नाही… कदाचित परत चालू होईल. मला माझ्या आजोबांना एक गोष्ट विचारायची होती. काय ते इथे लिहीत नाही. मामांना कोण कोण भेटतं तिकडे, कोणास ठाऊक, असंही डोक्यात येऊन गेलं. क्वालिटी विभागातली बाई बरं का मी!

“अनगा, सरक,” मामी मागून म्हणाल्या.

“मामी, एकदाच. परत हा मिळणार नाही.”

“पोदुम, पुरे. येकेचाळीस वर्ष ऐकल मी. फुटल तर घर जाईल. तुज काही झाल तर तुझ्या आईस काय सांगू? परत द्या म्हणल की परत द्यायच. तुझीच कंपनी तस लिहिते ना?”

त्यांनी स्वतः वाळू झटकून फोन डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि कुरियरवाल्याला आधी पाणी, मग कॉफी विचारली.

पुढे बदली फोन आला. तो निमूट ‘झाला’ लिहितो. शरवणनला वही दाखवली. भाषेचं त्याने परत तेच सांगितलं, आसपासचं ऐकून शिकतो. पण मामी ‘जाहला’ म्हणत नाहीत. दुसऱ्या डिकॉशनचं त्या बोलल्या नव्हत्या. पंचांगातली पावती तर जिवंत माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हती. यावर शरवणन म्हणाला, योगायोग. मी फोन कंपनीलाही मेल लिहून विचारलं, तपासणीत काही वेगळं आढळलं का? उत्तर आलं, फोन मिळाला, नियमानुसार नष्ट केला, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

तुमच्यापैकी कोणाला या क्षेत्रातली माहिती असेल तर जरूर सांगा. मी कसलंही स्पष्टीकरण ऐकायला तयार आहे, माझ्याकडे एकही नाही.

परवा मामींना सरळ विचारलं. “मामी, खरं सांगा, ते मामाच होते यावर तुमचा विश्वास आहे?”

त्या मुरुंगेच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “विश्वास? त्यांच्याशी लगीन लावताना तरी मज कोण विचारल होत?”

आणि शेंगा घेऊन आत गेल्या.